गाडीवर गाडी : एका दुमजली स्टेशनाची कथा



या वसंत व्याख्यानमालेतील आजचे पुष्प गुंफण्याचे काम आपण आमच्याकडे सोपविले. आम्ही विषय कळविला तेव्हा चालक मंडळींपैकी एका गृहस्थांनी आम्हांस मोठ्या सौजन्याने, परंतु स्पष्टपणे विचारले, "साहेब, आमच्या गावाला आगगाडी नाही. रूळ पाहायचे तर वसमत, हिंगोली किंवा परभणी गाठावी लागते. अशा गावात मुंबईच्या एका स्टेशनाची कथा कोण ऐकणार?" प्रश्न अगदी रास्त आहे. आज आम्ही जे काही बोलणार आहोत, ते सारे या प्रश्नाचेच उत्तर आहे असे समजावे.

आमची व या स्टेशनाची पहिली भेट लहानपणी झाली. त्या काळी परभणीहून मुंबईस जायचे म्हणजे मनमाडला गाडी बदलणे ओघानेच आले. आपल्याकडचे रूळ मीटर गेजचे, म्हणजे एक मीटर अंतराचे. आणि मनमाडहून पुढचे ब्रॉड गेजचे, म्हणजे साडेपाच फुटांचे. इकडची गाडी तिकडे जाणे शक्यच नव्हते. वळकटी, पत्र्याची पेटी, दशम्यांचे गाठोडे आणि आम्ही, असा सारा ऐवज मामांनी मनमाडच्या फलाटावर एका गाडीतून काढून दुसऱ्या गाडीत भरला. पहाटे भायखळा मागे पडले. मामांनी आमचे डोके धरून खिडकीबाहेर वळविले आणि म्हणाले, "वर बघ बरं, गाडीवरून गाडी चाललीय!" आम्ही वर पाहिले. लोखंडी खांबांवर एक अख्खे स्टेशन उभे होते. त्या वरच्या स्टेशनावर माणसे उभी होती, आणि आमची गाडी त्यांच्या पायांखालून निघाली होती. मारुतीने द्रोणागिरी उचलला तसे कोणी तरी हे स्टेशन उचलून धरले असावे, असे आमच्या बालबुद्धीला वाटले.

त्या स्टेशनाचे नाव सँडहर्स्ट रोड. आजही परभणीहून देवगिरी किंवा तपोवन एक्सप्रेसने आपण मुंबईस जाता, तेव्हा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येण्यापूर्वी आपली गाडी त्याच्याच खालून जाते. तेव्हा हे स्टेशन अगदीच परके नव्हे. त्यातून आणखी एक नाते सांगतो. निजामाच्या राज्यातील आपली रेल्वे आणि मुंबईची जी. आय. पी. रेल्वे या दोन्ही ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेत विलीन झाल्या. पुढे २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे निघाली आणि घर वेगळे झाले. म्हणजे काही वर्षे का होईना, परभणीचे स्टेशन आणि सँडहर्स्ट रोडचे स्टेशन एकाच घरात नांदत होते.

आता मूळ कथेकडे वळू. पुष्कळ स्टेशने व्यापारासाठी जन्मास आली, काही लष्करासाठी. या स्टेशनाच्या कुंडलीत पहिला ग्रह आहे तो प्लेगचा.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी एका रोग्याची गाठ पाहिली आणि हा प्लेग आहे असे जाहीर केले. बंदराला लागून असलेली धान्याची कोठारे, त्यांना खेटून चाळी, एकेका खोलीत दोनदोन बिऱ्हाडे, दिवसासुद्धा दिवा लावावा लागेल असा अंधार. रोगाला याहून चांगले घर कोणते मिळणार? १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या घरात होती. १८९७ च्या आरंभी तिच्यापैकी जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले असा त्या वेळचा अंदाज आहे. गिरण्यांना हात मिळेनात, गोदीत हमाल मिळेनात. १० जानेवारी १८९७ रोजी डॉ. हाफकीन यांनी आपण तयार केलेली लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्याच वर्षी साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमाने लोक संतापले आणि २२ जून रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. या साऱ्या काळात मुंबईच्या गव्हर्नराच्या खुर्चीवर होते लॉर्ड सँडहर्स्ट. त्यांचा कारभार १८९५ ते १९००.

या गव्हर्नराच्या काळात, १८९८ साली, कायदा करून मुंबई शहर सुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची संस्था स्थापन झाली. दाट वस्त्या फोडाव्यात, रुंद रस्ते काढावेत, समुद्राचा वारा शहराच्या पोटात खेळवावा, हा तिचा हेतू. यातील एक विसंगती आपण लक्षात घ्या. प्लेगचा जंतू येर्सिन यांनी १८९४ सालीच हाँगकाँग येथे शोधला होता. तो उंदरावरील पिसवेमार्फत माणसापर्यंत पोचतो, हे सिमाँ यांनी कराचीत १८९८ साली, म्हणजे ट्रस्टच्याच जन्मवर्षी दाखवून दिले. परंतु नव्या शास्त्रावर सरकारी मनाचा विश्वास बसायला वेळ लागतो. रोग पिसवेचा आणि औषध समुद्राच्या वाऱ्याचे, असा हा प्रकार झाला! तरीही उजेड आणि हवा या गोष्टी माणसाला हव्यातच. म्हणून त्या औषधाला आम्ही सर्वस्वी निरुपयोगी म्हणणार नाही.

ट्रस्टने चौपाटीच्या बाजूपासून पूर्वेकडे डोंगरीच्या दिशेने, दाट वस्ती चिरीत, एक रुंद रस्ता काढला. त्याला गव्हर्नराचे नाव दिले : सँडहर्स्ट रोड. त्याच रस्त्याला आज आपण सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणतो. रस्त्यावरून स्टेशनाला नाव मिळाले, आणि १९१० साली जमिनीवरचे स्टेशन उभे राहिले.

रस्ता झाला, वारा आला, हे खरे. पण वाऱ्याच्या वाटेत ज्यांची घरे होती त्यांचे काय झाले? ट्रस्टने चाळी बांधल्या, दादर–माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या. तथापि पहिल्या वीस वर्षांचा हिशेब मांडला तर गरिबांच्या जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या गेल्या नाहीत, असेच इतिहासकार सांगतात. उठलेली माणसे शेजारच्या गल्लीत गेली आणि तिथली गर्दी वाढली. एका घरातला केर झाडून दुसऱ्या घरात लोटावा, तसे हे झाले. १९३३ साली ट्रस्टचे काम महापालिकेत विलीन झाले. ज्यांची बिऱ्हाडे उठली त्यांची नावे मात्र कोणत्याही दगडावर कोरलेली नाहीत.

आता वरचा मजला कसा चढला ते पाहू. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर गोद्या होत्या, कापसाची कोठारे होती, कामगारांची वस्ती वाढत होती. तिच्यासाठी १२ डिसेंबर १९१० रोजी कुर्ल्यापासून रे रोडपर्यंत हार्बर शाखा सुरू झाली. पण ती रे रोडलाच थांबली. हापिसे आणि पेढ्या होत्या फोर्टात. माणसाला जायचे होते बोरीबंदरला. मार्ग पुढे न्यायचा तर दोन अडचणी. पहिली जमिनीची : डोंगरी–माझगावच्या त्या दाटीत रुळांना जागा कोठून काढणार? दुसरी त्याहून अवघड. हार्बरची गाडी यायची पूर्वेकडून आणि बोरीबंदरला तिला जागा मिळायची पश्चिमेच्या अंगाला. मध्ये मुख्य मार्गाचे रूळ आडवे. त्यांवरून रात्रंदिवस गाड्या धावत असताना आडवे ओलांडायचे, म्हणजे पोळ्याच्या मिरवणुकीतून आडवी बैलगाडी घालण्यासारखेच. एकाने थांबावे तेव्हा दुसऱ्याने जावे. अशाने दोघांचाही खोळंबा.

उपाय एकच उरला. खाली वाट नसेल तर वरून जावे. हा विचार मुंबईचा नव्हे. लंडनला १८३६ सालीच ग्रिनिचची रेल्वे आठशेंहून अधिक विटांच्या कमानींवरून धावू लागली होती. न्यूयॉर्कने १८६८ साली रस्त्यावर लोखंडी खांब रोवून वरून गाडी नेली. बर्लिनने १८८२ साली शहराच्या मध्यातून उंच मार्ग नेला. मुंबईने तोच धडा आपल्या गरजेपुरता गिरविला. डॉकयार्ड रोडच्या बाजूने उंचावरून मार्ग आणला, मुख्य मार्गाच्या डोक्यावरून पश्चिमेला काढला, आणि पुढे मस्जिदपाशी पुन्हा जमिनीवर उतरविला. जिथे तो खालच्या स्टेशनावरून जातो, तिथेच वर दुसरे स्टेशन बांधले. हिंदुस्थानातील दुमजली स्टेशनांपैकी हे अगदी आरंभीचे.

या वरच्या स्टेशनाचे खांब आपण कधी जवळून पाहा. त्यांवर जी. आय. पी. रेल्वेची आद्याक्षरे आहेत, १९२१ हे साल आहे, आणि ग्लासगोच्या क्लुथा लोखंड कारखान्याचे नाव आहे. क्लुथा म्हणजे ग्लासगोच्या क्लाइड नदीचेच जुने नाव. आपल्याकडे एखाद्याने कारखान्याला गोदावरीचे नाव द्यावे, तसेच ते. क्लाइडच्या काठी जहाजे बांधणाऱ्या गावातच हे खांब घडले आणि जहाजात बसूनच मुंबईस आले. त्यांची जोडणी रिव्हेटची आहे. पोलादाच्या दोन पत्र्यांना भोके पाडायची, लालभडक तापविलेली खिळी त्यांतून घालायची आणि तिचे दुसरे टोक घणाने ठोकून चपटे करायचे. खिळी निवताना आकसते आणि दोन्ही पत्रे आवळून धरते. आपल्या गावचा लोहार बैलगाडीच्या चाकावर तापलेली धाव चढवितो आणि पाणी ओतून ती आवळतो, त्यातले तत्त्व हेच. तेव्हा ग्लासगोच्या विद्येपुढे आपल्या लोहाराने मान खाली घालण्याचे कारण नाही. भांडवलाचा फरक मोठा होता, बुद्धीचा तितका नव्हता.

३ फेब्रुवारी १९२५ हा या मार्गाचा मोठा दिवस. त्या दिवशी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते हिंदुस्थानातील पहिली विजेवर चालणारी गाडी बोरीबंदरहून सुटली आणि हार्बर मार्गाने कुर्ल्यास गेली. चार डबे, १५०० व्होल्टची एकदिश वीज, सुमारे १६ किलोमीटरचे अंतर. कोळसा नाही, धूर नाही. ती गाडी याच वरच्या स्टेशनातून गेली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली हे शाळेतील प्रत्येक मूल सांगते. पण विजेची पहिली गाडी दाट वस्तीच्या डोक्यावरून गेली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. खालून वाफेचे इंजिन धूर सोडीत चालले आहे आणि वरून बिनधुराची गाडी जात आहे, असे दृश्य या एका जागी लोकांनी पुढे कित्येक दिवस पाहिले असेल. दोन युगे एकमेकांच्या वर उभी राहिलेली पाहण्याचा योग माणसाला क्वचितच येतो.

त्या शाखेची वीज २०१६ साली बदलली. १५०० व्होल्टच्या जागी २५,००० व्होल्टची वीज आली आणि नऊ डब्यांच्या गाड्या बारा डब्यांच्या झाल्या. खांब मात्र तेच. शंभर वर्षांपूर्वीच्या चार डब्यांसाठी रचलेला हा मार्ग आज बारा डबे पेलीत आहे.

आता या वाढलेल्या भाराचा एक भाग माणसांच्या गुडघ्यांवर पडतो, तेही सांगितले पाहिजे. स्टेशन वर नेले की जिना आला. हा जिना कोण चढतो? टाय लावलेला कारकून चढतो, तसा डोईवर ओझे घेतलेला हमालही चढतो. मस्जिद बंदरचा घाऊक बाजार इथून हाकेच्या अंतरावर. मसाल्याचा तो व्यापार पुढे वाशीच्या बाजारात हलला. परंतु पिढ्यान्पिढ्या हळदीची, मिरचीची, धान्याची पोती याच परिसरातून वाहिली गेली. आपल्या वसमतची हळद ज्यांनी पाठीवर वाहिली असेल त्यांना 'उन्नत स्थानक' हा शब्द कोणी शिकविला नव्हता. पायऱ्या किती, एवढे मात्र त्यांना पाठ असणार.

जिन्याचा प्रश्न किरकोळ आहे असे कोणी समजू नये. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनाच्या पादचारी पुलाच्या जिन्यावर, पाऊस पडत असताना, चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. गाडीने कोणाला चिरडले नाही, रूळ उखडले नाहीत. माणसे वाढली आणि पायऱ्या वाढल्या नाहीत, एवढेच घडले. पुढच्या वर्षी त्या स्टेशनाचे नाव प्रभादेवी झाले. नाव बदलले याचे आम्हांस दुःख नाही. पण नवी पाटी लावायला किती अवधी लागतो आणि रुंद जिना बांधायला किती लागतो, याचा ताळेबंद नागरिकांनी मांडावा, असे आम्हांस वाटते.

नावाचा विषय निघालाच आहे. २०२४ साली महाराष्ट्र राज्याच्या मंत्रिमंडळाने मुंबईतील आठ स्टेशनांची नावे बदलण्याचा निर्णय केला; त्यात सँडहर्स्ट रोडला डोंगरी हे नाव सुचविले. अखेरची संमती केंद्राची. डोंगरी हे त्या भागाचे मूळ, लोकांच्या तोंडचे नाव. ते स्टेशनाला मिळाले तर त्यात काय वावगे? प्लेगच्या काळातील गव्हर्नराच्या नावाने लोकांना गहिवर येण्याचे कारणही नाही. आमची विनंती एवढीच की, पाटी बदलावी, खांबावरची अक्षरे खरवडू नयेत. ज्या रोगामुळे, ज्या कायद्यामुळे आणि ज्या उठलेल्या घरांमुळे हा रस्ता व हे स्टेशन झाले, ती हकीकत फलाटावर चार ओळींत मराठीत लिहून लावावी. परक्याचे नाव काढता येते. त्याच्या काळात आपल्या माणसांनी सोसलेले काढून टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही.

येथे मुंबई सोडून आपल्या रुळांवर येतो. १८९७ चा साथीचा कायदा जुना झाला असे आपण समजत होतो. मार्च २०२० मध्ये तोच कायदा पुन्हा बाहेर काढावा लागला. गाड्या थांबल्या. मुंबईची लोकलही थांबली. आणि १८९७ प्रमाणेच माणसे शहरांतून निघाली. फरक एवढाच की या वेळी ती पायी निघाली. ८ मे २०२० च्या पहाटे, जालन्याच्या पोलाद कारखान्यांतून मध्य प्रदेशाकडे निघालेले मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले होते. गाड्या बंद आहेत, असा त्यांचा समज. मालगाडी आली आणि १६ जण गेले. करमाड कोठे आहे? आपण परभणीहून मुंबईस जातो त्याच वाटेवर. जो मार्ग आम्ही मामांचे बोट धरून गेलो, त्याच मार्गावर.

सभ्य गृहस्थहो, १८९६ च्या साथीनंतर एका परक्या सरकारने, चुकत, अर्धवट, गरिबांवर अन्याय करीत का होईना, एक संस्था काढली, रस्ता काढला, चाळी बांधल्या. आणि त्या रस्त्याच्या टोकाला पुढे दुमजली स्टेशन उभे राहिले. २०२० च्या साथीनंतर आपल्या स्वतःच्या सरकारांनी आणि आपण सर्वांनी मिळून, त्या चालत गेलेल्या माणसांसाठी असे काय उभारले की जे शंभर वर्षांनी कोणी बोट दाखवून आपल्या भाच्याला दाखवील? हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो, आणि त्याचे समाधानकारक उत्तर आमच्यापाशी नाही.

आज उंच रेल्वे नवलाची राहिलेली नाही. ८ जून २०१४ पासून मुंबईत वर्सोवा–घाटकोपर मेट्रो धावते. तिची बाराही स्टेशने खांबांवर आहेत. २०१९ पासून नागपुरात आणि २०२२ पासून पुण्यात गाडी रस्त्याच्या वरून जाते. ग्लासगोच्या पोलादाऐवजी आता इथलेच काँक्रीट आहे, घणाऐवजी यारी आहे. प्रश्न मात्र जुनेच. जमीन कोणाची गेली? घर कोणाचे उठले? वर चढायला म्हाताऱ्याला आणि ओझेवाल्याला सोय आहे काय?

आणि म्हणूनच हा विषय आम्ही जवळा बाजारात मांडला. ज्या गावाला अद्याप रूळ नाहीत, त्या गावाला एक मोठी सवड असते : प्रश्न आधी विचारण्याची. उद्या आपल्या शिवारातून रस्ता जाईल, रूळ जातील, विजेचे मनोरे जातील. सुधारणेला विरोध करा असे आम्ही मुळीच म्हणत नाही; ज्याने मनमाडला मध्यरात्री पेट्या वाहिल्या आहेत तो सुधारणेला विरोध कसा करील? परंतु आखणीचा कागद गावात येईल तेव्हा चावडीवर बसून तीन गोष्टी विचाराव्यात. पाडणार किती आणि बांधणार किती? भार वाढेल तेव्हा जिना रुंद करण्याची तरतूद कोठे आहे? आणि ज्याची जमीन जाईल त्याचे नाव कोठे लिहिले जाईल? मुंबईच्या त्या गल्ल्यांत हे प्रश्न विचारायला कोणी उरले नव्हते; निम्मे शहर पळून गेले होते. आपण इथेच आहोत.

पुढच्या खेपेस देवगिरीने किंवा तपोवनने मुंबईस जाल तेव्हा भायखळा गेल्यावर सामान काढण्याची घाई थोडी आवरा. शेजारी एखादे मूल असेल तर त्याला खिडकीशी घ्या आणि वर पाहायला सांगा. गाडीवरून गाडी जाताना दिसली तर त्याला आनंद होईलच. मग ती वरची गाडी कोणाच्या आधाराने उभी आहे, एवढे दोन शब्दांत सांगा. आमच्या मामांना ते सांगता आले नाही, कारण त्यांना ते कोणी सांगितले नव्हते. आपल्याला आता ती सबब उरलेली नाही.